मी भरलेली उत्तरं

एकोणीसशे नव्याण्णव साली मी सांगलीत एक खोली घेऊन राहत होते आणि इंटरनेटची पाहणी करत होते. एम.कॉम. होऊन घरात बसले होते, तेव्हा हे काम मिळालं. पुण्याच्या एका कंपनीला हवं होतं की लोकांना इंटरनेटबद्दल काय वाटतं, त्यावर ते काय बघतात, त्यावरून वस्तू मागवायचा त्यांना धीर होतो का. बारा पानांचा फॉर्म होता. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे माझ्याकडे दिले होते.

माझी माणसं तिसऱ्या प्रश्नालाच संपत. ‘गेल्या महिन्यात आपण इंटरनेट वापरलं का?’ उत्तर ‘नाही’ आलं की खाली ठळक अक्षरांत सूचना होती : आभार मानून मुलाखत थांबवावी.

दहिवडीत मी दिवसभर आभार मानत फिरले. जतला तर उन्हातान्हात बायका घागरी लावून बसल्या होत्या. माझ्या हातातले कागद बघून त्या उठूनच उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, “टँकरचं लिवून घ्याय आलाय व्हय?” मी नाही म्हटलं. इंटरनेट म्हणजे काय ते सांगायला लागले. ती ऐकून घेत होती, पण तिची नजर रस्त्याकडे होती. शेवटी म्हणाली, “बाई, तुमी सावलीला तरी बसा.” मी तिचे आभार मानले आणि मुलाखत थांबवली.

परतीच्या एस.टी.त मी पहिला खोटा फॉर्म भरला. वय एकवीस, कॉलेजात शिकतो, आठवड्यातून दोनदा सायबर कॅफेत जातो. त्याला घर दिलं, वडिलांची नोकरी दिली, आवडीनिवडी दिल्या. मिरज यायच्या आत तो पुरा झाला होता. मग त्याला एक बहीण केली, तिचाही फॉर्म भरला. पुण्याहून आलेले आमचे साहेब ते चाळून म्हणाले, “मॅडम, तुमची माणसं छान बोलतात. बाकीच्यांचे फॉर्म अगदी कोरडे असतात.” मला बरं वाटलं, ते मी नाकारत नाही.

पण तपासणीला कुणी आलंच तर चार खरी माणसं हवीत म्हणून मी जवळच्या वस्त्या धरल्या. त्यात माधवनगरला एका घरी गेले. दार उघडलं ते साठीच्या एका गृहस्थानं. मी बोलायला सुरुवात केली तसा त्यानं हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाला, “कागदावर लिव पोरी. मला ऐकू येत न्हाई.” उभा जन्म यंत्रमागाच्या शेडमध्ये गेला होता, त्या खडखडाटात कान गेले होते. आतून त्याची बायको आली आणि म्हणाली, “शाळा सातवीपतूर झालीया. वाचतात मातर समदं. पुडीचा कागदबी सोडत न्हाईत.”

मी फॉर्मच्या पाठीवर लिहिलं, ‘इंटरनेट ऐकून माहीत आहे का?’ त्यांनी विचारलं, ते काय असतं. मी लिहीत गेले. घरबसल्या पत्र पाठवता येतं, ते परदेशातही लगेच पोचतं, समोरचा माणूस तिथून लगेच लिहून उत्तर देतो. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, विचारलं, “म्हंजे ऐकाय लागत न्हाई?”

त्यांचा एकुलता मुलगा मस्कतला होता. कंपनीच्या ऑफिसात आहे, असं सांगायचा. महिन्यातून एकदा कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवर त्याचा फोन येई. काकू बोलत आणि काका शेजारी उभे राहून काकूंच्या तोंडाकडे बघत. तीन वर्षं त्यांनी मुलाशी असंच बोलणं केलं होतं. पत्रं यायची बंद झाली होती, कारण फोन होता.

तिसऱ्या प्रश्नाला मी थांबायला हवं होतं. पण त्यांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि बाराही पानं स्वतः वाचून उत्तरं दिली. ‘आपण इंटरनेटवर किती विश्वास ठेवाल?’ याला म्हणाले, “आदी बघू द्या, मग सांगतो.” ‘कोणत्या वस्तू मागवायला आवडतील?’ याला, “वस्तू नगं.” एवढ्या मनापासून तो फॉर्म त्याआधी कुणी भरला नव्हता आणि नंतरही नाही. साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली. वापरकर्ता नसताना मुलाखत पुढे नेली कशी, म्हणून मला बोलले. त्याच्या जागी मी सांगलीतल्याच विश्रामबागचा एक इंजिनिअर मनानं भरून दिला.

काकूंनी पुढच्या फोनवर मुलाकडून ई-मेलचा पत्ता विचारून घेतला. एकेक अक्षर त्यानं सांगितलं, बूथवाल्यानं लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन काका मला भेटायला सांगलीत आले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. मी त्यांना एका टायपिंग क्लासात घेऊन गेले. तिथल्या मास्तरांनी टाइपरायटरच्या रांगेशेजारी दोन संगणक ठेवून सायबर कॅफे काढला होता. फोनच्या तारेवरून इंटरनेट लागायलाच पंधरा मिनिटं गेली. काका खुर्चीत ताठ बसून पडद्याकडे बघत होते.

त्यांनी पत्र घरून लिहून आणलं होतं. मी त्यांच्या नावाचा एक ई-मेल पत्ता काढला आणि ते मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. चिरंजिवास अनेक आशीर्वाद. तुझी आई बरी आहे. मला फोनवर काही कळत नाही, आई अर्धं सांगते आणि अर्धं विसरते. आता तू मला लिहीत जा. जेवण काय असतं, खोलीत कोण असतं, ऑफिस कसं आहे, सगळं लिही. पत्र गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, “पोचलं?” मी मान हलवली.

पुढच्या गुरुवारी ते आले. उत्तर नव्हतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी आले. नव्हतं. चौथ्या गुरुवारी मास्तरच मला बाजूला घेऊन म्हणाले, “आता त्यांना येऊ नका म्हणून सांगा. मला बघवत नाही.” काका पडद्यासमोर बसले होते. मी उघडून दाखवलेला पत्रांचा रिकामा डबा ते वाचत होते, जणू त्यात आपल्यालाच काही दिसत नाहीये.

इतक्या माणसांची उत्तरं मी भरली होती. आणखी एकाचं भरायला हात कचरला नाही. पुढच्या मंगळवारी मी त्यांच्या मुलाच्या नावाचा एक पत्ता काढला आणि त्यावरून काकांना लिहिलं : ती. बाबांस साष्टांग नमस्कार. ऑफिसात काम फार असल्यामुळे उशीर झाला. माझं टेबल खिडकीजवळ आहे, दिवसभर संगणकावर बसतो. खोलीत चौघे आहोत, एक जण केरळचा आहे, तो भात फार चांगला करतो. तुमची आठवण येते.

गुरुवारी काकांनी ते वाचलं. इंग्रजी अक्षरं जोडत, ओठ हलवत, एकेक शब्द. मग पुन्हा पहिल्यापासून. मास्तरांनी छापून दिलं. कागदाची घडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. “खिडकीपाशी बसतोय,” ते सगळ्या क्लासला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले. टाइप करणाऱ्या मुली थांबून बघायला लागल्या. त्या दिवशी मला वाटलं, मी आयुष्यात एक तरी काम चांगलं केलं.

पुढचा गुरुवार ते आले नाहीत. त्याच्या पुढचाही. मी दुसरं पत्र तयार ठेवलं होतं. शेवटी तेच पर्समध्ये घालून मी माधवनगरला गेले.

काकू दारातच भेटल्या. त्यांनी मला आत या म्हटलं नाही.

“फोन आलता,” त्या म्हणाल्या. “मी त्याला म्हटलं, लेका तुजं पत्र आलं, खिडकीपाशी बसतोस, भात खातोस, तुज्या बाला लय बरं वाटलं. तर त्यो म्हनाला, कसलं पत्र? मी म्हटलं, त्या पत्त्यावरनं. तसा रडायलाच लागला.”

तो ऑफिसात नव्हता. कधीच नव्हता. एका गोदामात माल चढवत होता. पासपोर्ट मालकाकडे होता. पत्ता मागितला तेव्हा त्याला सुचेल तो दिला होता, गोदामाच्या पावतीवर छापलेला. बापाला खरं कळू नये म्हणून त्यानं तीन वर्षं ऑफिस उभं केलं होतं, आणि मी त्याला खिडकी काढून दिली होती.

“तुमी का केलंसा असं?” काकूंनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी चपला काढल्या आणि न बोलावताच आत गेले.

काका आत भिंतीला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी शेजारची वही आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मी ‘चूक झाली’ एवढं लिहिलं. त्यांनी वाचलं. मग विचारलं, “माझा फारम? त्योबी तूच लिवलास?”

मी लिहिलं, ‘तुमचा खरा होता. कंपनीनं घेतला नाही.’

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “खरा होता म्हून?” एवढंच म्हणाले आणि वही मिटून ठेवली. मी निघाले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

वर्ष संपायच्या आत पाहणीचा अहवाल आला. साहेबांनी मला पुण्याला बोलावून तो कौतुकानं दाखवला. निळ्या पुठ्ठ्याची बांधणी, आत रंगीत तक्ते. माझा इंजिनिअर होता, बहीणभाऊ होते, त्यांची वाक्यं चौकटीत छापली होती. ग्राहकाचा विश्वास वाढतो आहे, असा निष्कर्ष होता. दहिवडी नव्हती, जत नव्हतं. मी पानं उलटत राहिले. त्यांनी चहा मागवला.

काकू मला पुन्हा एकदाच दिसल्या, सांगलीच्या बाजारात, भाजीच्या पाटीपाशी. मुलगा अजून तिकडेच आहे, म्हणाल्या. सुटका कशी करायची ते कुणाला ठाऊक नाही. फोन आला की त्या एकट्याच बूथवर जातात. “ह्यांना चल म्हटलं तर भिंतीकडं तोंड करून निजत्यात.” मी काही मदत करू का, असं तोंडापर्यंत आलं. पण माझ्या मदतीला त्या घरात काय किंमत उरली होती, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी मेथीची जुडी उचलली, दोनदा झटकली आणि गेल्या.

साहेबांनी अहवाल दाखवला त्याच दिवशी मला नवं काम देऊ केलं होतं. अंगाच्या साबणाची पाहणी, हेच दोन जिल्हे. दुसरं काही हाताशी नव्हतं. मी ते घेतलं.