दोघांपुरतं वरण

दिंद्रुडपासून तेलगावपर्यंत कुणीही दर्ग्याच्या नवसाची कंदुरी करून गावजेवण घातलं, की मटणाच्या डेगीवर तात्याच लागत. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, लांब दांड्याची पळी घेऊन ते उभे राहिले की आमदारापुढेही वाकत नसत. चाखणं त्यांना कमीपणाचं वाटे. वाफ नाकात ओढायची आणि ओरडायचं, "मीठ टाक बे अजून." हेच तात्या घरी आले की हाताशी माठ असताना पाण्यासाठी मोठीआईला हाक मारायचे.

तात्या माझे थोरले चुलते, मोठीआई त्यांची बायको. आमचं दार त्यांच्या दाराला लागून, त्यामुळे हा तमाशा मी जन्मभर फुकट पाहिला. गावातले झाडून सारे पुरुष असेच. वाहवा करायला पंगत बसलेली असली की हे बहाद्दर कांद्याचं पोतं चिरतील, घरी मात्र चहाचं आधण ठेवायला यांचे हात झडतात. मला या मंडळींचा मनापासून तिटकारा आहे आणि तात्या त्यांचे म्होरके होते. "चुलीपुढं बसायला मी काय बाई हाय का?" असं ते विचारत. डेगीखालीही चूलच असते, हे त्यांच्या गावी नव्हतं.

मग मोठीआई गोठ्यात घसरून पडली. मनगट मोडलं आणि जुळलं ते वाकडंच. भाकरी थापणं संपलं. पुण्याहून मुलाचा फोन आला, घराला कुलूप लावा आणि इकडे या. मोठीआईला तिची म्हैस आणि तिचं दार सोडून कुठेही जायचं नव्हतं. मी जमेल तसा डबा द्यायचे, पण माझी नोकरी माजलगावला. दिवाळीपर्यंत बघतो, मुलगा म्हणाला, बाबांना चहासुद्धा येत नाही, तुमचं तिथे कसं निभायचं? तात्यांना हे झोंबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वरण केलं. डाळ ओंजळीने, तिखट मुठीने, पाणी बादलीने. अख्ख्या गल्लीत वाटून उरलं ते म्हशीपुढे ठेवलं, तर तिनेही तोंड फिरवलं.

"दोगांचा सैपाक बी काय सैपाक असतो का?" तात्या कुरकुरले.

बाजेवरून मोठीआई शांतपणे म्हणाली, "पाचशे मानसांत कमी-जास्त झालं तर कुनी बोलत न्हाई. हितं मी एकटी खानार हाय, अन् मी बोलनार हाय."

आणि ती बोलली. जन्मात कधी कशाला नाव न ठेवणारी बाई रोज बोलू लागली. कच्चं आहे, करपलं आहे, पुन्हा करा. नाक कशाला लावता, चाखा. तात्या धुसफुसत चाखायला शिकले. भाकरी तव्यावर टाकताना तुटायची, तिचे तुकडे ते स्वतःच खायचे. एके दिवशी त्यांनी मला हाक मारून बोलावलं. भाकरी फुगली होती. आमच्याकडे रोजच फुगतात, तुम्हाला कधी बघायला बोलावलं नाही, असं मी म्हटलं. ते लहान मुलासारखे हसले. मोठीआईने त्या भाकरीवर तूप घातलं आणि वाफ जायच्या आत खाल्ली. सगळ्यांचं झाल्यावर गार जेवत आलेल्या त्या बाईला तव्यावरची भाकरी प्रथमच मिळत होती. मला तात्यांचं कौतुक वाटलं, आणि इतकी वर्षं लावली म्हणून संतापही आला.

दिवाळीला मुलगा आला, पोटभर जेवला आणि पुण्याचं नाव न काढता गेला.

पुढे डेग शिकायला येणाऱ्या पोरांना तात्या एकच सांगत, "आदी घरी दोन मानसांचं वरण कर. बायको काय म्हनली ते येऊन सांग, मंग बघू." बहुतेक परत आले नाहीत. त्यांच्या पाठमोऱ्या लुंग्यांकडे बघून तात्या आणि मी मनसोक्त हसायचो.

गेल्या वर्षी तात्या गेले. तेराव्याला दारात डेग चढली. गावातले तेच वीर, तशाच लुंग्या खोचून, वाफ हुंगत ओरडणारे. पंगत बसली, वरण फार झकास झालंय असं जो तो म्हणाला. मोठीआईचं ताट आत दिलं होतं. तिने एक घास घेतला आणि ताट तसंच उचलून बाहेर डेगीपाशी आली.

"आळणी हाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "कुनी चाखलं का न्हाई?"

पळीवाल्याने दुसरीकडे पाहिलं. पंगत खाली मान घालून जेवत राहिली.