मेढीची सावली आणि दुपारची गाडी

मी मूर्तिजापूरला कापूस तोलतो. कोणी काहीही सांगितलं की माझं एकच म्हणणं – काट्यावर घाला, मग बोलू. गावात कोणाला पिंपळावर काही दिसतं, कोणाला नाल्यातून हाक ऐकू येते... अशा लोकांची मी आजवर इतकी थट्टा केली आहे की हे वाचून आता तेच माझ्यावर हसतील. हसा बाप्पा! तुमच्या मासिकात लोक आपले अनुभव पाठवतात, म्हणून मीही पाठवतोय. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आता आहे का, ते मलाच नीट सांगता येत नाही.

आधी जागा सांगतो. स्टेशनाजवळ कापसाचं आवार आहे, तिथे माझा काटा. आवाराच्या मागच्या गल्लीत शेवटचं घर माझं. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे तुमच्याकडची कौलं, पुढे अंगण, अंगणाला बोरीच्या फांद्यांचं कुंपण. अमेरिकेतल्या लढाईपायी आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. पुढे लढाई मिटली, भाव उतरला, पण तोवर आगगाडीचे रूळ अकोल्याहून आमच्यापर्यंत आणि पुढे बडनेऱ्यापर्यंत जाऊन पोचले होते. कारंज्याकडच्या बैलगाड्या स्टेशनावर रांगा लावू लागल्या आणि मला जेवायला उसंत मिळेना.

माझी एकुलती एक मुलगी सगुणा. तिला बडनेऱ्याला दिली. लग्नाचा मांडव उतरवला तेव्हा त्याच्या खांबांतली एक मेढ तिच्या मायनं काही उपटू दिली नाही. म्हणाली, राहू द्या, अंगण एकदम रिकामं दिसते. झालं... एक नुसतं लाकूड अंगणात उभं राहिलं.

त्या वेळी बडनेऱ्याकडून माणसांची एकच गाडी यायची, दिवस कासराभर उरला की. सगुणा कधी येईल याचा नेम नसायचा. सासूची परवानगी मिळाली की निघायची, निरोप मागाहून पोचायचा. मग सगुणाच्या मायनं एक युक्ती काढली. गाडीची शिट्टी झाली की मेढीच्या सावलीचं टोक जिथे पडलेलं असेल, तिथे तिने पूर्णेच्या काठावरून आणलेला एक पांढरा गोटा ठेवला. सावली गोट्याला टेकली की ती तवा चढवायची. रोज! पोरगी येवो न येवो. गाडीतून उतरलेल्या लेकीला गार भाकर द्यायची नाही, एवढाच तिचा हट्ट. सूर्य सरकतो तशी सावलीही सरकते, म्हणून दर चार-आठ दिवसांनी शिट्टी ऐकून ती गोटा जरा इकडे, जरा तिकडे करायची. मी म्हणायचो, स्टेशनात एवढं मोठं घड्याळ टांगलंय, त्याला विचार. ती म्हणायची, "तुमचं घड्याळ मले चुलीपासून दिसते का?"

भाद्रपदात ती गेली. तापाचं निमित्त झालं. सगुणा आली, रडली, दिवसकार्य झाल्यावर परत गेली. तेव्हा तिला दिवस गेलेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेरात आता होतं कोण? मी बडनेऱ्याला जाऊन विहीणबाईंना हात जोडले, पोरीला पाठवा म्हणून. बाई रोखठोक, पण मनाने वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "इहीबुवा, राग नका मानू. तुमी दिसभर काट्यावर. घराले कडी, चूल थंडी. पोरीच्या पोटात दुखलं तं ते कोनाले हाक मारीन? आन मी येऊन पाह्यतो म्हनलं तं परतीची गाडी दुसऱ्या दिवशी. बाईमानूस नाई त्या घरी मी रात कशी काढू?"

 बाई बरोबरच बोलत होती. सगुणा दाराआड उभी होती. निघताना ती एवढंच म्हणाली, "बा, मले घरीच यायचं हाये." परतीच्या गाडीत मी डोक्यावर उपरणं ओढून बसलो, कोणी माझ्याकडे बघू नये म्हणून.

आता पुढचं ऐका. नवरात्रात एक दिवस आवार बंद होतं, म्हणून संध्याकाळी मी घरीच होतो. ओट्यावर सुपारी कातरत बसलो होतो. गाडीची शिट्टी झाली, सहज माझी नजर अंगणाकडे गेली, आणि हातातली सुपारी हातातच राहिली. सावलीचं टोक बरोब्बर गोट्यावर होतं. सगुणाच्या मायनं तो गोटा शेवटचा हलवला तो श्रावणात. एवढ्या दिवसांत सावली कुठच्या कुठे जायला हवी होती.

शेजारी भागाबाई राहते. बाळंतपणं करते, मला सकाळसंध्याकाळ भाजीभाकरी तीच देते. मी तिलाच पकडलं. "भागाबाई, गोटा तू सरकवतेस का?"

"मले काय धंदा नाई का भाऊ?" ती म्हणाली. "मले तं तो गोटा काहून ठेवला तेई मालूम नाई."

मग पोरांवर डाफरलो. शेळ्या हाकलल्या. कुंपण दाट केलं. भागाबाईला सांगून अंगणात रोज शेणाचा सडा घालून घेतला. ओल्या सड्यावर कोंबडी जरी चालली तरी पाऊल उमटतं... पाऊल एकही दिसायचं नाही आणि गोटा मात्र सरकलेला. तोलारी माणूस मी, शेवटी तो गोटा उचलून आवारात नेला आणि काट्यावर घातला. काय कळणार होतं त्यातून? गोटा गोट्याइतकाच भरला. हमाल हसले. मी तो मुकाट घरी आणून ठेवला.

दिवाळी झाली आणि नवीनच प्रकार सुरू झाला. न्हाणीत सगुणाच्या मायची वजरी होती, टाचा घासायची. ती गेल्यावर मी ती तिथून हलवली नव्हती. एके सकाळी बघतो तर वजरी अंगणात! मेढीपासून जवळच, चुलीच्या दाराच्या बाजूला. मी ती उचलून न्हाणीत ठेवली. दुसऱ्या दिवशी परत तिथेच. पुन्हा आत ठेवली, पुन्हा बाहेर. भीती वाटली का? खरं सांगतो, नाही वाटली. उलट रागच आला. म्हटलं, आता ही जागा कसली? शिट्टी तर संध्याकाळी होते. इथे सावली पडणार भर दुपारी, आणि दुपारी कसली गाडी? शेवटी कंटाळलो आणि वजरी राहू दिली.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी स्टेशनमास्तरांनी नवं टाइमटेबल लावलं आणि गावात दवंडी पिटवली. येत्या सोमवारपासून माणसांसाठी जादा गाडी! दुपारी बडनेऱ्याकडून येणार आणि दिवस बुडायच्या सुमाराला बडनेऱ्याकडे दुसरी जाणार. जाऊन त्याच दिवशी परत येता येईल म्हणून लोक खूश झाले. माळी म्हणाले, भाजी ताजी पोचेल. आवारातले सगळे बोलत होते आणि मी वजनाचा लोखंडी गोळा हातात धरून नुसता उभा होतो. गाडी दुपारची... हे मला आज कळलं, आणि वजरी दुपारच्या जागेवर दिवाळीपासून! मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, मला तरी कुठे माहीत होतं, वरून कागद परवाच आला.

सोमवारी स्टेशनावर ही गर्दी लोटली. कोणी नारळ घेऊन, कोणी हळदकुंकू घेऊन. बायका नव्या गाडीला ओवाळणार होत्या. मलाही सगळे ओढत होते. मी मात्र काटा मदतनीसाच्या हवाली केला आणि घरी आलो. का, तर पारख करायला! म्हटलं, आज काय तो सोक्षमोक्ष. गाडीची शिट्टी होते तेव्हा सावली वजरीवर नसली की झालं, माझ्या डोक्यातलं खूळ तरी जाईल. बाकी काहीही मनात नव्हतं. कोणी येणार याची तर कल्पनाच नव्हती.

ओट्यावर मांडी घालून बसलो. ऊन स्वच्छ होतं. सावली मुंगीच्या चालीने सरकत होती. सरकता सरकता तिचं टोक वजरीला टेकलं... आणि शिट्टी झाली.

 मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती गेल्यापासून मी रडलो नव्हतो, लोकांसमोर आवरलं आणि एकट्याला जमलं नाही. त्या दिवशी मात्र पोरासारखा रडलो. अन् रडता रडताच उठलो. कोणी ढकललं नाही, कानात कोणी बोललं नाही. पण सावली टेकली की या घरात तवा चढतो, याची मला जणू आत्ताच कोणी आठवण करून दिली. चूल पेटवली. फुंकून फुंकून धूर केला. मडक्यातलं ज्वारीचं पीठ काढलं आणि जन्मात पहिल्यांदा भाकर थापायला बसलो. पीठ हाताला चिकटलं, परातीला चिकटलं, मिशीला चिकटलं. एक भाकर तव्यावर गेली ती नकाशासारखी, दुसरी मधेच फाटली.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. "इहीबुवा, भाकर थापून राह्यले का कवेलू?"

विहीणबाई! आणि त्यांच्यामागे सगुणा, मोठं पोट सांभाळत, धुराने डोळे पुसत. धुराने की आणखी कशाने, तिचं तिला ठाऊक.

विहीणबाई मुद्दामच न सांगता आल्या होत्या. आता दिवसाच्या दिवसात परत जाता येत होतं ना! त्यांनी सगुणाला निघतानाच बजावलं होतं – घर डोळ्यानं पाहीन. चूल जिती असली तं ठेवीन, दाराले कडी असली तं संध्याकाळच्या गाडीनं संगंच वापस नेईन, मंग पुन्हा माहेराचं नाव काढायचं नाई. दुसरा कुठलाही दिवस असता तर दाराला कडीच असती. मी आवारात असतो ना दुपारी.

त्यांनी तांब्याभर पाणी पिऊन घरभर फेरी मारली. भागाबाईला बोलावून घेतलं, तिची बारीक चौकशी केली. मग पाटावर बसल्या आणि ती नकाशासारखी भाकर तेल-तिखटाबरोबर खाल्ली. अर्धी जळली होती, अर्धी कच्ची होती. बाईने तोंड वाकडं केलं नाही.

"कोनी सांगतलं तुमाले का आमी येऊन राह्यलो म्हनून?" त्यांनी विचारलं.

"कोनी नाई," मी म्हणालो.

"मंग तवा कसा चढवला?"

मी परातीतलं उरलेलं पीठ गोळा करायला लागलो. सगुणा अंगणात मेढीजवळ उभी होती. तिने गोटा पाहिला, मग वजरी पाहिली. तिथेच खाली बसली आणि वजरीवरून हात फिरवत राहिली. "बा," तिने हळूच विचारलं, "दुपारची खूण मायनं कधी मांडली?"

ठाऊक नाही, अशी मी मान हलवली. विहीणबाई आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. काय समजायचं ते बहुतेक समजल्या. दिवस बुडायच्या सुमाराला त्या एकट्याच स्टेशनाकडे निघाल्या. सगुणाचं गाठोडं त्यांनी स्वतःच्या हाताने आतल्या खुंटीला अडकवलं. "पोरीले ठेवून जातो," म्हणाल्या. "भाकर मातर शिकून घ्या इहीबुवा. माही सून काय कवेलू खाईन?"

माघात सगुणाला मुलगी झाली. भागाबाईच्या हाताला यश आलं, दोघी सुखरूप. भाकर मला आता बरी जमते.

पण एक सांगायचं राहिलं. बारशापर्यंत गोटा आणि वजरी आपोआप सरकत होते, ही त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी शिट्टी झाली आणि पाहतो तर सावली वजरीपासून हातभर लांब. संध्याकाळी पाहिलं, गोटाही चुकलेला. दुसऱ्या दिवशी तेच. चार दिवस वाट पाहिली, दोन्ही जागचे हलले नाहीत. मला फार वाईट वाटलं. पुन्हा एकदा घरातलं माणूस गेल्यासारखं. सगुणा पोरीला पाजत होती, म्हणाली, "काहून वाट पाहून राह्यले बा? आता तुमाले येते न सारं."

त्या दिवशी शिट्टी ऐकून मी स्वतः वाकलो आणि वजरी सावलीच्या टोकाशी ठेवली. तेव्हापासून मीच सरकवतो. सगुणा पोरीला घेऊन सासरी गेली त्याला आता बरेच महिने झाले. दुपारी मदतनीसाला काट्यावर बसवून मी घरी येतो. सावली टेकली की तवा ठेवतो. ती येवो न येवो.

हमाल म्हणतात, तोलाऱ्याचं डोकं फिरलं. भागाबाई म्हणते, सगुणाच्या मायनंच केलं, दुसरं कोण करणार. मास्तरांना सांगितलं, तर ते घड्याळाला चावी द्यायला उठले. मला विचाराल तर मला अजून काहीही उलगडलेलं नाही. गाडीची वेळ वरच्या साहेबांनीही ठरवली नव्हती, तेव्हा ती माझ्या अंगणात कोणी मांडली?

परवा स्टेशनात कुजबुज ऐकली की पावसाळ्यानंतर टाइमटेबल पुन्हा बदलणार. कोणती गाडी, कधी, अजून मास्तरांनाही माहीत नाही. तेव्हापासून सकाळी उठलो की चूळ भरायच्या आधी मी अंगणात जाऊन बघतो. वजरी आदल्या दिवशी मी ठेवली तिथेच असते. मग मी चूळ भरतो आणि पीठ काढायला जातो.