कढत पाण्यातला जीव

दुष्काळात अख्खा बीड जिल्हा चांगल्या पाण्यासाठी वणवण फिरला, पण घाण पाण्यासाठी फिरणारा माणूस एकच: आमच्या सहकारी साखर कारखान्याचे लॅबवाले साहेब. मी बॉयलरवर होतो. हात घातला तर कातडं निघेल अशा गरम पाण्याच्या हौदावर ते काठीला बाटली बांधून तासन्‌तास उकिडवे बसत. पगार रस तपासायचा, जीव सगळा हौदात. वडवणीच्या बाजारात वांगी घेता घेता खिशातली नळी काढून उन्हात धरायचे. भाजीवाली म्हणायची, "सायेब, लघवी तपासाया नेताय का?"

मी एकदा तोंडावर विचारलं, "त्यात हाय तरी काय?" म्हणाले, "दादा, या कढत पाण्यात जंतू सुखानं नांदतात. आणि त्या जंतूंनाही रोग होतो. त्यांच्या अंगात शिरणारा विषाणू मला धरायचाय." मी म्हणालो, "माणसांचे रोग संपले काय बे?" साहेबाला 'बे' म्हणालो, तर इतके हसले की चष्मा हौदात गेला.

मग ऊसच उरला नाही. कारखाना बंद, हौद गार. साहेब शेवटची बाटली घेऊन आमच्या दारात उभे. ती गरम ठेवायची होती अन् त्यांच्या खोलीत लाइट टिकत नव्हती. आमची बायको कडाडली, "माज्या चुलीवर गटारीचं पाणी? न्हाई जमायचं!" दुसऱ्या दिवसापासून बाटली चुलीच्या कडेला, पातेल्यातल्या पाण्यात. साहेब थर्मामीटर घेऊन आले की म्हणायची, "ठिवा ती काडी खिशात. माजं बोट हाय की."

त्याच उन्हाळ्यात ती गेली. चूल विझली, मी पेटवलीच नाही. तेराव्यानंतर बाटली आठवली. गार पडलेली. तिनं जपलेलं मी मारलं होतं. साहेबांना म्हणालो, "मेलं सगळं. शिव्या द्या." त्यांनी बाटली रुमालात गुंडाळली. "जंतू गेले असतील. विषाणूचं सांगता येत नाही दादा, तो निपचित पडून राहतो. चूल पेटवा, मला चहा पाहिजे." त्या दिवसापासून रोज यायचे चहाला. चहा त्यांना सोसत नाही, हे मला लई उशिरा कळलं.

दोन वर्षांनी ऊस आला, कारखान्याचा बॉयलर पुन्हा पेटला. साहेबांनी हौदातले नवे जंतू दोन नळ्यांत वाढवले. दोन्ही ताकासारख्या गढूळ. एकीत त्या गार बाटलीतले चार थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी मला ओढतच नेलं. थेंबवाली नळी निवळलेली, आरपार दिसत होतं. "विषाणूनं जंतू फोडले, दादा. जिवंत आहे तो!"

साहेब आता कुठं असतात, ठाऊक नाही. त्या नळीवर त्यांनी पट्टी चिकटवून काहीतरी लिहिलं होतं. मी चौथी नापास, अक्षर जुळवायला वेळ लागतो. ते नाव मात्र झटकन वाचलं. तिचं होतं.