आईंसाठी होजिअरीचा गाऊन

थोरल्या जाऊबाईंनी कारखान्यात सव्वीस वर्षं फक्त कॉलर शिवल्या. अख्खा शर्ट त्यांच्या हातून कधी गेला नाही. बाह्या दुसऱ्या रांगेत, काजं तिसऱ्या, आणि यांच्या पुढ्यात नुसती कॉलरींची थप्पी. निवृत्त होऊन घरी बसल्या तेव्हा एक जुनं शिलाई मशीन आणि ताठ मान एवढं बरोबर आलं. आमचे हे म्हणतात, वहिनींनी जन्मभर कॉलर शिवल्या आणि शेवटी एक स्वतःच घातली. अर्थात वहिनी घरात नसताना म्हणतात.

उसवणं त्यांना ठाऊकच नाही. कारखान्यात नग परत येणं म्हणजे नाचक्की, आणि सव्वीस वर्षांत त्यांचा एकही नग परत आला नव्हता. हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलंय की आता मला ते तोंडपाठ आहे.

मागच्या हिवाळ्यात सासूबाईंचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, सुटेल हळूहळू. पण तोवर कपडे कसे घालायचे? घरातले त्यांचे सगळे गाऊन सुती, अरुंद बाहीचे. मी मदतीला गेले की आई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. त्यांची मान खाली गेलेली मला बघवत नसे. पुढे पुढे त्या म्हणायला लागल्या की मी आपली आहे त्याच कपड्यांत पडून राहते, आणि त्यांनी बाहेरच्या खोलीत येणंच सोडलं.

आमच्याकडे सकाळी सगळे मिळून प्रार्थना करतात. पहिली ओळ आईंची, मग आम्ही. दोन महिने ती ओळ बंद दाराआडून येत होती. मी रोज देवाकडे त्यांच्या खांद्यासाठी मागत होते. जाऊबाईंनी काही मागितलं की नाही ते माहीत नाही. त्या बाजारात जाऊन कापड घेऊन आल्या.

होजिअरीचं कापड होतं, टी-शर्टला असतं तसं, मऊ, राखाडी निळं. ओढलं की ताणतं आणि सोडलं की जागेवर येतं. हात वर न करता, आधी दुखरी बाही चढवून मग डोकं घालता येईल असा गाऊन शिवायचा त्यांचा बेत होता. दुकानदाराने या कापडाला गोल टोकाची सुई लागते म्हणून तीही दिली. साधी सुई धागे तोडते, गोल टोकाची धाग्यांच्या मधून वाट काढते. जाऊबाईंनी सुई घेतली, पण चेहऱ्यावर असा भाव की आता मला दुकानदार शिवण शिकवणार.

एका दिवसात गाऊन तयार झाला. टीप कॉलरीवर मारतात तशी बारीक, सुतासारखी सरळ. जाऊबाईंनी तो आईंच्या हातात दिला आणि आम्ही दोघी दाराबाहेर थांबलो.

आतून आधी कापडाची सळसळ आली, मग टक्‌, टक्‌ असा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी आईंनी हाक मारली. आत गेलो तर मुंढ्याची, बाही जोडलेली टीप तटातट तुटलेली, एक हात बाहीत, डोकं कापडात अडकलेलं. आम्ही दोघींनी मिळून त्यांना सोडवलं. आई पलंगावर बसल्या, केस सारखे केले आणि शांतपणे म्हणाल्या, "आता माझ्यावर प्रयोग पुरे. मला चादरीत गुंडाळा आणि मोकळ्या व्हा."

 उसवलेला गाऊन घेऊन जाऊबाई आपल्या खोलीत गेल्या. त्यांचा नग परत आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर त्या थोरल्या दिरांचा जुना टी-शर्ट उलटा करून खिडकीपाशी बसल्या होत्या. शिवण ओढून बघत होत्या, सोडत होत्या, परत ओढत होत्या. मला म्हणाल्या, कापड ताणतं आणि माझी सरळ टीप ताणत नाही, मग तुटेल नाही तर काय करेल. त्यांनी मशीन बारीक झिगझॅगवर लावलं आणि एका तुकड्यावर टीप मारली. ओढली तर तुटली नाही. पण तुकडा लाटा लाटा होऊन बसला, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा.

त्यांनी दुसरा तुकडा घेतला. पुन्हा लाटा. तिसरा, चौथा, तेच. मी बाजूला शेंगा सोलत होते म्हणून माझ्या लक्षात आलं. त्यांचा डावा हात सुईच्या मागून कापड ओढत होता. कॉलर ताठ राहावी म्हणून सव्वीस वर्षं ओढत आला होता, तसाच.

सांगावं की नाही? त्यांच्या नाकावर माशी बसलेली त्यांना चालत नाही, आणि मी तर साधं बटणही वाकडं लावते. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सांगून टाकलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग हाताकडे. हात मांडीवर ठेवून त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं. चार टाके पडले नाहीत तोच हात आपोआप वर आला.

"ऐकत नाही मेला," त्या म्हणाल्या.  मग हात माझ्यापुढे केला. "धाकटे, जरा धरून ठेव."

या घरात येऊन मला एकोणीस वर्षं झाली. जाऊबाईंनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं आठवत नाही. मी शेंगांची परात सरकवली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. तो सारखा ओढ घ्यायचा, मी दाबून ठेवायची. कापड आपलं आपण सुईखालून सरकत गेलं आणि पलीकडे सपाट, शहाण्यासारखं बाहेर पडलं.

नवा गाऊन बेतून शिवायला तीन दुपारी लागल्या, कारण मला मध्येच उठून दूध बघावं लागायचं आणि तेवढ्यात मशीन थांबायचं. एकदा आई दारातून डोकावल्या. आम्हाला तसं बसलेलं बघून म्हणाल्या, "भांडण मिटलं वाटतं." आमचं भांडण कधी झालंच नव्हतं. तेवढी जवळीकच कुठे होती?

गाऊन पलंगावर ठेवून यावेळी आम्ही दाराबाहेर थांबलोसुद्धा नाही, आईंनीच हाकललं. सकाळी प्रार्थनेला सगळे बसले. आतून ओळ येईना. जाऊबाई सतरंजीची कड चिमटीत धरून बसल्या होत्या. मी डोळे मिटले खरे, पण सगळं लक्ष दाराकडे. कितीतरी वेळाने कडी वाजली.

आई बाहेर आल्या. केस विस्कटलेले, चेहरा लाल, गाऊन अंगात. फक्त पाठीचा भाग पुढे आला होता आणि उंच गळा हनुवटीला टेकला होता.

आमचे हे काही बोलणार तोच मी त्यांना कोपर मारलं. जाऊबाईंची नजर गळ्यावर गेली. वाकडी टीप दिसली तर शेजाऱ्यांच्या पडद्यालाही नावं ठेवणारी ही बाई.

"आई, बसलाय का नीट?" त्यांनी विचारलं.

"उलटा आहे, मला कळतंय," आई खुर्चीत बसत म्हणाल्या. "पण मी घातलाय. कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावत," जाऊबाई म्हणाल्या.

आणि आईंनी पहिली ओळ म्हटली.