लिंबाखालचा दगड

त्या दिशी भर दुपारी पुंजाराम बांधावरचा, लिंबाखालचा हद्दीचा दगड पहारीनं उकरत हुता, आन त्याची बायको सत्यशीला पानी घेऊन उभी हुती. जल्मभर त्यानं मान्सावर इस्वास ठेवला न्हाई. डेरीवर दूधसुदिक दोनदा मोजून घालायचा. आता मोबाईल घेऊन चारदा शेताच्या कडंनं फिरला हुता. मोबाईल म्हनत हुता, हद्द लिंबाच्या पल्याड हाय, म्हंजी धाकट्या भावाच्या, कल्याणच्या रानात.

कल्याण वरडला, "दादा, सरकारी मोजनी मागवू की! त्यांचं मशीन लई भारी असतं."

"मोजनीवाल्याला तू चहा पाजशील. सॅटेलाईटला काय पाजशील रं?"

दगड निघाला आन पुंजाराम त्याच्यावरच पालथा पडला. दवाखान्यात न्यायच्या आतच संपला.

तेराव्यानंतर कल्याणनं मोजनी आनली. मोजनीवाल्यानं काठीवरचं मशीन उघड्यावर उभं केलं. म्हनला, "ताई, सॅटेलाईट दोन्हीला तेच. पन मोबाईल चार-पाच मीटर हुकतो, झाडाखाली तर जास्तच. गावाची वाट दावायला चालतो, बांधाला न्हाई. ह्या मशीनला आमचं एका जागी पक्कं रोवलेलं ठेसन चूक कळवत ऱ्हातं, म्हनून हे हुकलं तरी बोटभर."

तिथनं लिंबाखाली फीत धरून मापलं, तर खूण पडली ती पुंजारामनं उकरलेल्या खड्ड्यातच.

कल्याण हसला. "वहिनी, सॅटेलाईटनं माझा चहा न पिताच सांगितलं. दादानं उकरला, आता तुमी बसवा."

सत्यशीलानं पदर खोचला आन दगड एकटीनंच खड्ड्यात लोटला.