बारा पावलांवरचे मास्तर

आमच्या आत्याला अख्खी वस्ती सुईआत्या म्हणते. घरोघरी जाऊन इन्सुलिनची इंजेक्शनं द्यायची, हे तिचं काम. पूर्वी गल्लीतून गल्ली निघायची. तासात आठ पेशंट उरकून आत्या चहाला घरी. मग शहर पसरलं. जो तो बिल्डर आपली कॉलनी बांधणार, भोवती भिंत घालणार आणि एकच गेट हमरस्त्यावर काढणार. आता आठ पेशंटांना दुपार होते. गेटागेटावर वॉचमन, सगळ्यांचा नाकातला सूर एकच. "कोऽणाकडे? नाव, वेळ, सही!"

"अरे, कालचीच मी!"

"कालचं पान उलटलं, बाई."

त्या सकाळी मास्तरांना इंजेक्शन देऊन आत्या शिंपीकाकांकडे पोचली. त्यांचं घर मास्तरांच्या बरोब्बर पाठीला, मधे भिंत. बारा पावलं. रस्त्याने मात्र सायकलवर पंचवीस मिनिटं. ती काकांच्या दंडाला कापूस लावते तोच पलीकडच्या खिडकीतून मास्तरकाकू ओरडल्या, "अगं, हे घामाने भिजलेत! बोलेनात!"

"खाल्लं का काही?"

"कुठलं! पेपर मी आधी वाचला म्हणून रुसून बसले. ताट तसंच."

इन्सुलिन घेऊन पोट रिकामं; मास्तरांची साखर उतरली होती. निघावं तर काकू एकट्या. थांबावं तर हाताशी नुसता घसा. भिंतीवर काचा. ती थांबली.

"साखर घ्या! बोटाने हिरडीला चोळा! पाणी पाजू नका!"

"काऽय? पाणी पाजू?"

"नको! नको!" आत्याचा आवाज फाटला. मग शिंपीकाकाच एक बाही वर, एक खाली अशा थाटात खिडकीत येऊन गरजले, "सा-ख-र! हि-र-डी-ला!"

पलीकडची खिडकी रिकामी झाली. आत्याने हाका मारल्या. काकांना ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगून तिने सायकल काढली. हमरस्ता, उलटा वळसा, गेट.

"कोऽणाकडे?"

"माणूस मरतोय रे!"

"मग वेळ लिहा."

सायकल त्याच्या अंगावर ढकलून ती पळत सुटली.

मास्तर भिंतीला टेकून बसले होते, ओठांवर साखर. "कोण?" एवढंच पुटपुटले. ॲम्ब्युलन्स आली होती, पण भिंतीच्या त्या बाजूला, शिंपीकाकांच्या दारात. तिचा भोंगा इथे स्पष्ट ऐकू येत होता.

आत्या जमिनीवरच बसली. "काकू, माझ्याच्याने नाही होणार आता. दुसरी कोणी बघा, ह्या गेटच्या आतली."

"असं काय करतेस गं?" काकू म्हणाल्या. "इथून उठलीस की तू तर शेजारीच असतेस."