पूर्ण एक मिनिट

पेणच्या एका लहान खासगी इस्पितळात मी सिस्टर होते. नाडी, रक्तदाब नीट बघायचे; श्वासाच्या रकान्यात मात्र न मोजताच ‘वीस’ लिहायचे. सगळ्याच लिहायच्या.

मग आम्हाला रोह्याला प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवणाऱ्या बाईंनी आल्याआल्या विचारलं, “काल खरोखर श्वास कुणी मोजले?” एकही हात वर झाला नाही. “पेशंट बिघडायला लागला की बहुतेकदा आधी श्वास वाढतो. रक्तदाब उतरायची वाट बघाल तर उशीर होईल,” त्या म्हणाल्या. शेजारणीचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायला लावले. ते मिनिट सरता सरेना. आदल्या वर्षी आमच्याकडे दगावलेली एक बाई डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तिच्या कागदावरचे सगळे ‘वीस’ माझ्याच अक्षरात होते. जेवणाचा डबा तसाच परत आणला.

त्याच आठवड्यात सकाळी एका म्हाताऱ्यांची सून धावत आली. खाडीकडचे, मिठागरात राबलेले गृहस्थ. पोटाच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले होते.

“सिस्टर, मामंजी नेहमीसारखे नाय वाटत.”

“काय नाय गो,” मी खाटेपाशी पोचताच ते म्हणाले, “जरा चैन पडत नाय, इतकंच.”

रक्तदाब ठीक होता. घड्याळ धरून श्वास मोजले. बत्तीस. विश्वास बसेना, पुन्हा मोजले. बत्तीसच. डॉक्टरांना फोन लावला.

“रक्तदाब ठीक आहे ना? ओपीडी संपली की येतो.”

एरवी मी ‘हो सर’ म्हणून फोन ठेवला असता. “सर, श्वास बत्तीस, नाडी एकशे अठरा, रात्रीपासून लघवी जवळजवळ नाही. तुम्ही आत्ता या.”

“ओपीडी सोडून?”

“हो.”

ते तणतणतच आले. पोटावर हात ठेवला आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. आतड्याचा टाका सुटला होता. ऑक्सिजन, सलाईन सुरू करून दुपारच्या आत म्हाताऱ्यांना पनवेलला हलवलं. तिथे दुसरं ऑपरेशन झालं. संध्याकाळपर्यंत मी फोनपाशी नुसती घुटमळत होते.

ते वाचले. महिन्याभराने सुनेचा हात धरून इस्पितळाच्या दारात उभे राहिले, अर्धे झालेले. “तुझ्यापायी दोनदा पोट फाडलं माझं!” सून ओशाळली. मला हसू आलं, पण त्यांना ‘बसा’ म्हणायचंही सुचलं नाही.